धागा: वाहती नदी ओलांडण्याची गणिते – मुले नेमकी कुठे अडतात?

कृष्णाकाठ (धागालेखक)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आहे. सापेक्ष वेग शिकवताना वर्ग दरवर्षी एकाच ठिकाणी थबकतो, ते म्हणजे वाहती नदी ओलांडण्याचे गणित. समोरासमोर येणाऱ्या आगगाड्यांची गणिते मुले तोंडी सोडवतात, कारण तिथे सगळे एका रेषेत असते आणि बेरीज-वजाबाकीने काम भागते. नदी आली की दोन वेग दोन दिशांना जातात, मुलांचा धीर सुटतो आणि ती सूत्र आठवू लागतात. माझे मत असे झाले आहे की या गणितांसाठी वेगळे सूत्र पाठ करण्याची गरजच नाही. दिलेला प्रत्येक वेग कोणाचा आणि कोणाच्या सापेक्ष, एवढे वहीत आधी शब्दांत लिहिले, तर उरलेले काम काटकोन त्रिकोणाचे आहे.

बोलण्यासाठी एक उदाहरण घेऊ आणि शक्यतो सबंध धाग्यात हेच आकडे वापरू. नदीचे पात्र ४०० मीटर रुंद आहे, प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर आहे आणि नावाडी संथ पाण्यात ताशी ५ किलोमीटर वेगाने होडी वल्हवू शकतो. यातले ‘संथ पाण्यात’ हे दोन शब्द मुले वाचतात आणि सोडून देतात, पण गणिताची किल्ली त्यांच्यातच आहे. त्यांचा अर्थ असा की हा ५ चा वेग पाण्याच्या सापेक्ष आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला होडी त्याच वेगाने जाताना दिसेल असे नाही. ३ चा वेग मात्र काठाच्या सापेक्ष आहे. काठाच्या सापेक्ष होडीचा वेग हवा असेल, तर या दोन सदिशांची बेरीज करावी लागते.

नावाड्याने होडीचे तोंड सतत काठाला काटकोनात ठेवले, तर त्याचा ५ चा सगळा वेग पलीकडे जाण्यासाठी उपयोगी पडतो. ०.४ किलोमीटरला ५ ने भागले की ०.०८ तास येतात, म्हणजे ४ मिनिटे ४८ सेकंद. तेवढ्या वेळात पाणी होडीला २४० मीटर खालच्या अंगाला नेते. हा कमीत कमी वेळाचा मार्ग झाला. त्याला बरोबर समोरच्याच घाटावर उतरायचे असेल, तर होडीचे तोंड वरच्या अंगाला इतके वळवावे लागेल की त्याच्या वेगाचा प्रवाहाविरुद्धचा घटक ३ होईल. ३-४-५ च्या त्रिकोणामुळे पलीकडे नेणारा घटक ४ उरतो, तोंड काटकोनापासून सुमारे ३७ अंश वळलेले असते आणि वेळ ६ मिनिटे लागतो.

गेल्या चाचणीत पहिलाच प्रश्न विचारला होता. अनेक वह्यांत मुलांनी ५ आणि ३ यांचा परिणामी वेग ५.८३ असा अगदी बरोबर काढला आणि मग ०.४ ला त्यानेच भागून ४ मिनिटे ७ सेकंद असे उत्तर लिहिले. वेग तिरप्या मार्गावरचा आणि अंतर सरळ रुंदीचे, ही गफलत त्यांना दाखवूनही पटकन दिसत नव्हती.

माझे बालपण हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमाजवळ गेले. पलीकडे तरीने जावे लागे. तरवाले आजोबा होडी सोडताना लगेच पलीकडे निघत नसत. काठालगतच्या मंद पाण्यातून बांबूने रेटत ते होडी पुष्कळ वर, एका उंबराच्या झाडापर्यंत नेत, तिथे बांबू आत ठेवून वल्ही हातात घेत आणि मगच तोंड पैलतीराकडे करत. मधल्या धारेत होडी खाली सरकत सरकत नेमकी पलीकडच्या उताराच्या वाटेशी लागे. ते उंबराचे झाड म्हणजे त्यांचे २४० मीटर होते, हे मला पदवीला असताना उमगले. तेव्हापासून मी हे गणित त्या झाडापासूनच शिकवतो. इथल्या शिक्षकांनी, पालकांनी आणि मुलांनी आपापले अनुभव आणि अडचणी जरूर लिहाव्यात.

मिरजेची आई

सर, माझी मुलगी यंदा अकरावीत आहे. तिच्या वहीत ‘काटकोनात वल्हवल्यास नदी ओलांडण्याचा वेळ प्रवाहावर अवलंबून नसतो’ असे वाक्य आहे आणि ते आम्हा दोघींनाही पटत नाही. नदीला ओढ जास्त असेल तर माणसाला जास्त झगडावे लागते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मग वेळ तोच कसा राहील? मी वाणिज्य शाखेची आहे, त्यामुळे प्रश्न चुकीचा असेल तर समजून घ्यावे.

कृष्णाकाठ

ताई, प्रश्न अजिबात चुकीचा नाही. वर्गात हाच प्रश्न कोणी विचारला नाही, तर मी स्वतः विचारतो.

अशी कल्पना करा की पहाटेचे दाट धुके पडले आहे आणि होडीतून एकही काठ दिसत नाही. पाण्यावर एक जलपर्णीचा पुंजका तरंगत आहे आणि तुम्ही होडीत बसून त्याच्याकडे पाहत आहात. पुंजकाही वाहतो आहे आणि तुम्हीही, दोघेही त्याच वेगाने. तुम्ही वल्हवले नाही, तर तो तुमच्या शेजारीच राहील आणि पाणी थांबलेले आहे असेच तुम्हाला वाटेल. आता तुम्ही पैलतीराच्या दिशेने ताशी ५ किलोमीटर वेगाने वल्हवू लागलात, तर पुंजका सरळ मागे पडत जाईल. तुमच्या दृष्टीने हा एक शांत तलाव आहे आणि पैलतीर तुमच्याकडे ५ च्या वेगाने येत आहे. तो काठ त्याच वेळी आडवाही सरकत आहे, पण आडवे सरकल्याने तो जवळही येत नाही आणि लांबही जात नाही. म्हणून वेळ ४ मिनिटे ४८ सेकंदच. नदी ३ ने वाहो, ६ ने वाहो किंवा मुळीच न वाहो. प्रवाहामुळे एवढेच ठरते की धुके निवळल्यावर तुम्ही कोणत्या गावाच्या घाटाला लागलेले असाल.

गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संथपणे चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण दिले आहे. जहाज एकसारख्या वेगाने सरळ जात असेल, तर खोलीतल्या कोणत्याही प्रयोगावरून ते चालले आहे की उभे आहे हे सांगता येत नाही. आपली नदी म्हणजे तीच खोली, फक्त तिला भिंती नाहीत.

तुम्ही म्हणता तो झगडा खराच असतो, पण तो समोरच्याच घाटावर उतरण्याच्या हट्टामुळे होतो. तिथे वेगाचा काही भाग प्रवाहाला तोंड देण्यात जातो आणि पलीकडे जाण्यासाठी कमी वेग उरतो. मुलीच्या वहीतल्या वाक्यात ‘काटकोनात वल्हवल्यास’ ही अट आहे, ती तिला लाल शाईने अधोरेखित करायला सांगा.

अकरावी ब

सर, धुक्याचे उदाहरण समजले, पण काठावरून पाहिले की माझा पुन्हा गोंधळ होतो. होडी तिरपी जाते, म्हणजे तिने ४०० मीटरपेक्षा जास्त अंतर कापले. अंतर वाढले तर वेळही वाढायला हवा ना?

कृष्णाकाठ

अंतर वाढते हे खरेच आहे. ४०० आणि २४० यांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ४६६ मीटर येतो. पण काठावरून पाहणाऱ्याला होडीचा वेगही ५ नव्हे, ५.८३ दिसतो. ४६६ मीटर भागिले ताशी ५.८३ किलोमीटर हा भागाकार तू स्वतः करून पाहा, उत्तर पुन्हा ४ मिनिटे ४८ सेकंदच येईल. प्रवाहाने अंतर ज्या प्रमाणात वाढवले, त्याच प्रमाणात वेगही वाढवला. तिरप्या अंतराला तिरपा वेग आणि सरळ रुंदीला सरळ घटक, अशी जोडी जुळवली की कोणत्याही वाटेने गेलास तरी उत्तर एकच येते. उत्तर पडताळण्याची हीच सर्वांत खात्रीची रीत आहे.

खाडीपलीकडे

मी दाभोळचा. आमच्याकडे वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट चालते. तिच्यातून माणसांबरोबर गाड्याही पलीकडे जातात. नदीच्या गणितात प्रवाह एकाच दिशेला असतो, पण खाडीत तो भरतीला आत येतो आणि ओहोटीला बाहेर जातो. म्हणून सकाळच्या फेरीला बोटीचे तोंड समुद्राच्या अंगाला आणि दुपारच्या फेरीला चिपळूणच्या अंगाला वळलेले दिसू शकते, जागा मात्र त्याच दोन जेटींची. लहानपणी मला वाटे की तांडेल वाट चुकला आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत ती कमी असते, त्याप्रमाणे हा कोनही कमी-जास्त करावा लागतो. तांडेलाला साइन-कोसाइन कोणी शिकवलेले नसते. तो पलीकडच्या जेटीवरचा एक खांब आणि त्याच्या मागचे एखादे झाड किंवा घर एका रेषेत धरतो. खांब आणि झाड एकमेकांपासून सरकू लागले की बोट वाहवते आहे हे त्याला कळते आणि तो सुकाणू फिरवतो. परिणामी वेगाची दिशा सरळ जेटीकडे आहे की नाही, हे तपासण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

अकरावी ब

दादा, मग तांडेलाने बोटीचे तोंड सतत समोरच्या जेटीकडेच ठेवले तर? म्हणजे वाहवत गेला तरी तोंड पुन्हा जेटीकडे, पुन्हा वाहवला की पुन्हा जेटीकडे. शेवटी तो तिथेच पोहोचेल ना?

कृष्णाकाठ

हा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, कारण नवखा पोहणारा नेमके हेच करतो. त्याची नजर घाटावर असते आणि शरीर नजरेमागे वळत राहते.

आपल्याच आकड्यांनी पाहू. सुरुवातीला होडीचे तोंड काटकोनात असते, त्यामुळे ती खाली सरकते. जसजशी सरकते तसतसे तोंड वरच्या अंगाला वळते, पलीकडे नेणारा घटक घटत जातो आणि मार्ग सरळ न राहता वक्र होतो. शेवटी होडी पैलतीराजवळ, पण घाटाच्या खाली असते आणि उरलेले अंतर तिला जवळजवळ सरळ प्रवाहाविरुद्ध, ताशी जेमतेम २ किलोमीटरने कापावे लागते.

वेळ काढण्याची एक सुंदर युक्ती आहे. कोणत्याही क्षणी होडीपासून घाटापर्यंतचे थेट अंतर घे आणि त्याला ५ ने गुण. होडी घाटाच्या समोरच्या रेषेपासून जेवढी खाली वाहवली असेल ते अंतर घे आणि त्याला ३ ने गुण. या दोन गुणाकारांची बेरीज कर. थेट अंतर होडीच्या वेगाने ताशी ५ ने घटते, पण प्रवाहाचा एक घटक ते वाढवत असतो. खाली वाहवण्याचे अंतर प्रवाहाने ताशी ३ ने वाढते, पण होडीच्या वेगाचा एक घटक ते घटवत असतो. अनुक्रमे ५ ने आणि ३ ने गुणल्यावर हे दोन कोनावर अवलंबून असलेले भाग एकमेकांना पूर्णपणे काटतात आणि बेरीज अखंडपणे ताशी २५ वजा ९, म्हणजे १६ ने कमी होत राहते. सुरुवातीला ही बेरीज ५ गुणिले ०.४, म्हणजे २ असते. घाटावर पोहोचल्यावर शून्य. २ भागिले १६ म्हणजे ०.१२५ तास, अर्थात साडेसात मिनिटे.

काटकोनात ४ मिनिटे ४८ सेकंद, आधीच कोन ठरवून सरळ गेल्यास ६ मिनिटे आणि घाटाकडे तोंड ठेवून गेल्यास साडेसात मिनिटे. नदी तीच, होडी तीच आणि दंडातली ताकदही तीच.

वजाबाकी

छान चर्चा चालली आहे. एक भर घालतो. प्रवाह होडीपेक्षा वेगवान असेल, तर समोरच्या घाटावर पोहोचणे अशक्यच असते, हे उघड आहे. अशा वेळी कमीत कमी वाहवत जायचे असेल, तर होडी काटकोनात ठेवावी, कारण त्यामुळे वेळ सर्वांत कमी लागतो आणि वेळ कमी म्हणजे वाहवणेही कमी. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कालवा निरीक्षक

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. वजाबाकी यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे नाही. वाहवण्याचे अंतर म्हणजे वेळ गुणिले खाली नेणारा वेग. काटकोनात ठेवल्याने वेळ सर्वांत कमी होतो हे खरे, पण तेव्हा खाली नेणारा वेग पूर्ण प्रवाहाएवढा असतो. तोंड थोडे वर वळवले तर वेळ थोडा वाढतो, पण खाली नेणारा वेग त्याहून जास्त प्रमाणात घटतो. आकडे उलटे करून पाहा: होडी ३ आणि प्रवाह ५. काटकोनात ८ मिनिटे लागतात आणि होडी सुमारे ६६७ मीटर खाली जाते. आता तोंड इतके वळवा की प्रवाहाविरुद्धचा घटक १.८ आणि पलीकडे नेणारा घटक २.४ होईल. वेळ १० मिनिटे लागतो, खाली नेणारा वेग ३.२ उरतो आणि वाहवणे सुमारे ५३३ मीटर होते.

२०१९ च्या महापुरात सांगलीत मी काठावर उभा राहून बचावाच्या होड्या पाहत होतो. त्या यांत्रिक होत्या, पण त्यांचेही तोंड प्रवाहाकडे वळलेले असे आणि त्या आडव्या सरकल्यासारख्या पलीकडे जात.

वजाबाकी

आपण म्हणता ते आकड्यांवरून पटले. माझे विधान मागे घेतो. पण मग तोंड आणखी वळवत गेल्यास वाहवणे आणखी कमी होईल का? २.४ आणि १.८ हे घटक आपण कुठून आणले?

कृष्णाकाठ

आणखी वळवून पाहू. प्रवाहाविरुद्धचा घटक २.४ आणि पलीकडे नेणारा घटक १.८ केला, तर वेळ सव्वातेरा मिनिटांहून थोडा जास्त होतो आणि वाहवणे सुमारे ५७८ मीटर, म्हणजे पुन्हा वाढते. मध्येच कुठेतरी सर्वांत कमी वाहवण्याची दिशा आहे आणि ती शोधायला कलन लागत नाही, कंपासपेटी पुरते.

कागदावर प्रवाहाच्या दिशेने ५ सेंटिमीटरचा बाण काढा. त्याच्या टोकावर कंपासचे टोक रोवून ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. नावाड्याने होडीचे तोंड कोणत्याही दिशेला ठेवले, तरी परिणामी वेगाचा बाण पहिल्या बाणाच्या शेपटीपासून निघून या वर्तुळावरच कुठेतरी संपतो. कमीत कमी वाहवायचे म्हणजे परिणामी बाण काठापासून जास्तीत जास्त उचललेला हवा. शेपटीवर पट्टी ठेवून ती फिरवत वर न्या. वर्तुळाला ती शेवटची जिथे नुसती शिवते, ती स्पर्शिका हीच आपली दिशा. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून या स्थितीत होडीचे तोंड परिणामी मार्गाला काटकोनात असते. कर्ण ५, एक बाजू ३, म्हणून परिणामी वेग ४. पुन्हा तोच त्रिकोण आला, फक्त पालथा. काटकोनापासून तोंड ज्या कोनाने वर वळवायचे त्याची साइन ३ भागिले ५, आणि त्यातूनच १.८ आणि २.४ हे घटक मिळतात.

होडी प्रवाहापेक्षा वेगवान असेल, तर हेच वर्तुळ बाणाच्या शेपटीला आपल्या पोटात घेते, स्पर्शिका काढताच येत नाही आणि परिणामी बाण सरळ समोर उभा करता येतो. दोन वेगळी सूत्रे पाठ करण्याऐवजी हे एक चित्र मुलांच्या हातून काढून घ्यावे, असे माझे शिक्षकमित्रांना आग्रहाचे सांगणे आहे.

मिरजेची आई

मुलीने आज संध्याकाळी हे वर्तुळ काढले. पट्टी फिरवताना ती जिथे वर्तुळाला शिवली, तिथे तिने कोनमापक ठेवला तर बरोबर ९० अंश आले. वर्गात शिकवलेली स्पर्शिका इथे कामाला येईल असे तिला वाटले नव्हते.

प्रकाशवाट

याच नदीतून आधुनिक भौतिकशास्त्राची एक वाट निघते, ती इथे सांगावीशी वाटते. कृष्णाकाठ यांचेच आकडे घेऊ. एक होडी समोरच्या घाटावर जाऊन परत येते, तर दुसरी काठाला समांतर ४०० मीटर वर जाऊन परत येते. पहिलीला जाताना ६ आणि येताना ६, अशी १२ मिनिटे लागतात. दुसरीला वर जाताना २ च्या वेगाने १२ मिनिटे आणि खाली येताना ८ च्या वेगाने ३ मिनिटे, अशी १५ मिनिटे लागतात. पाणी थांबलेले असते तर दोघींनाही ९ मिनिटे ३६ सेकंद लागले असते. जाताना झालेला तोटा येताना भरून निघतो ही आपली समजूत इथे खोटी ठरते, कारण मंद वेगाने होडी जास्त वेळ अडकून राहते.

एकोणिसाव्या शतकात असे मानले जाई की प्रकाश ‘ईथर’ नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून जातो आणि पृथ्वी त्या माध्यमातून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. मग आपल्याला ईथरचा प्रवाह जाणवायला हवा आणि प्रकाशाच्या दोन काटकोनी फेऱ्यांच्या वेळात फरक पडायला हवा. अल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मॉर्ले यांनी १८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे हा फरक मोजण्याचा प्रयत्न केला. पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर त्यांनी आरसे बसवले होते आणि आरशांमध्ये पुनःपुन्हा परावर्तन घडवून प्रत्येक दिशेचा प्रकाशमार्ग सुमारे ११ मीटर लांब केला होता. गणिताने अपेक्षित असलेला फरक त्यांना मिळाला नाही. प्रकाशाच्या बाबतीत नदीचे हे गणित लागूच पडत नाही, ही गोष्ट पुढे १९०५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धांतात स्पष्ट झाली. अकरावीच्या मुलांना हे गणित नीट कळले असेल, तर त्या प्रयोगाचे महत्त्व त्यांना एका तासात सांगता येते.

खाडीपलीकडे

समुद्राच्या बाजूने मीही एक सांगतो. इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर आहे. मिहिर सेन यांनी १९५८ साली आणि आरती साहा यांनी १९५९ साली ती पोहून पार केली. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह खाडीच्या लांबीच्या दिशेने वाहतो आणि साधारण सहा तासांनी उलटतो. पोहणारा पलीकडच्या किनाऱ्याकडे रोख ठेवून काटकोनाच्या आसपास पोहत राहतो. आधी एका बाजूला वाहवत जातो, मग दुसऱ्या, आणि नकाशावर त्याचा मार्ग नागमोडी उमटतो. प्रवाह स्वतःच उलटणार असेल, तर त्याच्याशी झगडण्यात ताकद घालवण्यापेक्षा कमीत कमी वेळाचा मार्ग धरणे शहाणपणाचे ठरते.

कालवा निरीक्षक

शिक्षकांना एक विनंती आहे. ‘प्रवाह पात्रभर सारखा आहे’ हे गृहीतक आहे, नदीचा स्वभाव नव्हे, हे मुलांना सांगावे. काठाशी घर्षणामुळे पाणी मंद असते आणि मधल्या धारेत वेगवान असते. कृष्णाकाठ यांचे तरवाले आजोबा काठालगत वर जात ते याच कारणाने. मधल्या धारेतून होडी वर रेटणे त्यांना झेपलेच नसते. काठाशी शून्य, मध्यावर ताशी ३ आणि मध्ये पॅराबोलासारखा चढ-उतार धरला, तर रुंदीवरची सरासरी मध्यावरच्या वेगाच्या दोन तृतीयांश, म्हणजे २ येते. काटकोनात जाणारी होडी मग २४० ऐवजी १६० मीटर वाहवते. ओलांडण्याचा वेळ मात्र तोच राहतो.

अकरावी ब

काका, प्रवाहाचा वेग मोजतात कसा?

कालवा निरीक्षक

यंत्र नसेल तर तरंगती वस्तू सोडून. त्याआधी एक गणित सोडव. नावाडी प्रवाहाविरुद्ध चालला आहे, आकडे आपलेच. होडीतून एक असोला नारळ पाण्यात पडला आणि ते त्याला १० मिनिटांनी कळले. तो लगेच मागे फिरला. नारळ त्याला किती वेळाने आणि पडल्या जागेपासून किती अंतरावर सापडेल?

अकरावी ब

आधी काठावरून केले. १० मिनिटांत होडी २ च्या वेगाने ३३३ मीटर वर गेली आणि नारळ ५०० मीटर खाली गेला, म्हणजे मध्ये ८३३ मीटर. परत येताना होडी ८ आणि नारळ ३, फरक ५, म्हणून १० मिनिटे. मग धुक्यातून केले: नारळ पाण्यावर थांबलेलाच आहे, होडी त्याच्यापासून १० मिनिटे दूर गेली, तर परत यायलाही १० मिनिटेच. एकूण २० मिनिटांत नारळ ताशी ३ ने १ किलोमीटर वाहिला. दुसऱ्या रीतीत लिहायला दोनच ओळी लागल्या.

कालवा निरीक्षक

अगदी बरोबर. आता मोजणी. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन कालव्यावर जा, पाण्यात उतरू नकोस. काठाने २० मीटर मोजून दोन खुणा कर, सालीसकट एक संत्रे पाण्यात टाक आणि दोन खुणांमधला वेळ घे. संत्रे बरेचसे बुडून तरंगते, म्हणून त्याच्यावर वाऱ्याचा परिणाम फारसा होत नाही. हा पृष्ठभागाचा वेग झाला. आम्ही विसर्ग काढताना त्याला साधारण ०.८५ ने गुणतो, कारण तळाशी पाणी मंद असते. होडीच्या गणितासाठी मात्र गुणू नकोस, होडी पृष्ठभागावरच असते.

अकरावी ब

आज सकाळी बाबांबरोबर कालव्यावर जाऊन आलो. मधल्या धारेत संत्र्याला २० मीटर जायला २५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर, ताशी २.८८ किलोमीटर. काठाजवळ टाकले तेव्हा ४० सेकंद लागले, म्हणजे ताशी १.८. प्रत्येक मोजणी तीनदा केली आणि मधला आकडा घेतला. वहीत सरांनी सांगितल्याप्रमाणे पहिली ओळ शब्दांत लिहिली: संत्र्याचा वेग काठाच्या सापेक्ष २.८८, पाण्याच्या सापेक्ष शून्य.